शिट्टी तुझ्याच गळ्यात होती

गेनबा, तू उठशील म्हणून आम्ही वाट बघत होतो.

हे आधी लिहून टाकतो. दुसरं काहीही लिहायला घेतलं तरी हात फिरून फिरून इथेच येतोय. त्या बुधवारी पाळी सुटल्यावर कारखान्यामागच्या मैदानावर तू चढाईला आलास, आम्ही तुला पकडलं, तू खाली पडलास आणि निपचित झालास. आम्ही तुला धरून राहिलो. तुझा उजवा घोटा माझ्या हातात होता. रमजानने कंबर धरली होती, नामा पाठीवर पडला होता. आम्हाला वाटलं, हे तुझं नेहमीचंच.

लोक भेटतात, विचारतात, कसं झालं हो? मी म्हणतो, खेळता खेळता गेला. मग ते म्हणतात, सोन्यासारखं मरण आलं, कुणाला त्रास नाही, कुणाचं करून घेणं नाही. मी मान हलवतो. एवढंच जमतं. सरूवहिनींनी मात्र दुसऱ्याच दिवशी, तुझ्या घरी, बायांच्या गर्दीतून मान वर करून मला एक गोष्ट विचारली. ‘भावजी, लगीच सोडलंत का त्यांस्नी?’ तेवढ्यात तुझे भोसरीचे भाऊबंद आत आले, रडारड सुरू झाली आणि मी उठून बाहेर आलो. ते उत्तर अजून द्यायचं राहिलंय. म्हटलं, आधी तुला सांगून बघावं. तू आता मध्ये तोंड घालणार नाहीस.

असं लिहिलं आणि टाक खाली ठेवला. तू मध्ये तोंड घालणार नाहीस हे अजून खरं वाटत नाही.

आपली पहिली भेट आठवते का? मी चिपळूणकडून नुकताच मुंबईत आलो होतो. गिरणीच्या हुतूतूच्या संघाला कोपऱ्यात खेळणारा गडी हवा होता आणि मला पोटापाण्याचं काम हवं होतं. तू आधीपासून तिथे होतास. हजेरीपटावर तू साचेखात्यात, कापड विणायच्या मागांवर, होतास म्हणे. साचा उजवीकडून चालतो की डावीकडून हे तुला मरेपर्यंत कळलं नाही. खात्याचा मुकादम, तो जॉबर, तुला तिथे बघायचा तेव्हा हात जोडून म्हणायचा, तू मैदानावर जा बाबा, इथे धागे तुटतात. आपल्याला पगार मिळायचा तो खेळण्याचा. आजूबाजूच्या चाळींतली माणसं दिवसभर घाम गाळून यायची आणि संध्याकाळी आपला खेळ बघायची, आणि आपल्याला त्याची जराही लाज वाटायची नाही.

तू माझ्या बोलण्याला हसलास, मी तुझ्या. तुझं ‘व्हय’ नि ‘न्हाई’ ऐकून मी म्हटलं, मेल्या, शाळेत गेलास की नाही? तू म्हणालास, ‘गेलो व्हतो की. मास्तर घरी न्हवता.’ तेव्हापासून तुला मी मेल्याच म्हणत आलो. आमच्याकडे आई लेकराला म्हणते, तसंच. परवा आमच्या धाकट्याला हाक मारताना तो शब्द ओठावर आला आणि तिथेच अडकला. पोरगा बघत राहिला, बाबा काय बोलतायत म्हणून.

तुझं दुसरं नाव मी ठेवलेल्या नावाहून वाईट होतं, आणि ते सगळ्या परळला ठाऊक होतं. मढं. नाव पडलं ते तुझ्या त्या करामतीने. चढाईत पाचजण अंगावर पडले की तू सैल व्हायचास. हात पसरलेले, डोळे मिटलेले, तोंड मातीत. पकडणाऱ्यांना वाटायचं, दम गेला ह्याचा. हात ढिले पडायचे, एखादा तर उठून गुडघे झटकायला लागायचा. इकडे तुझ्या ओठांत दम चालूच असायचा, इतका बारीक की जमिनीला कान लावलेल्या पंचालाच ऐकू यावा. मग तू सळकन सरकायचास आणि बोटं मधल्या रेषेवर. धरणारे पाचच्या पाच बाद. आणि चारी बाजूंनी लोक ओरडायचे, मढं उठलं, मढं उठलं. तुझी आई एकदा मुंबईला आली होती, तिने ते ऐकलं. घरी येऊन तिने मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि सगळ्या चाळीला ऐकवलं, जित्या मानसाला असलं नाव ठिवत्यात व्हय. तू पुढे कितीतरी दिवस ते सांगून हसत होतास.

मला ती करामत कधी आवडली नाही. तुला तोंडावर सांगितलं होतं, हा खेळ नव्हे, सोंग आहे. तू म्हणायचास, ‘सोंग असतं तर पंचानं बाद दिलं असतं. दम हाय म्हनून सुटतो.’ मी म्हणायचो, पंचाला फसवत नसशील, पण माणसांना फसवतोस. समोरच्याला दया येते आणि तो हात सैल सोडतो, त्या दयेवर तू गुण घेतोस. तू म्हणायचास, ‘दया करायची आसंल तर देवळाम्होरं बसावं, मैदानात कशाला यावं?’ हे भांडण आपण चाळीच्या गॅलरीत, लोकांच्या लग्नात, एकदा तर मयताला खांदा देऊन परत येताना भांडलो. ते मिटलं नाही. मिटावं असं दोघांनाही वाटत नव्हतं, खरं सांगायचं तर.

मग तुझा गुडघा गेला. कुणाची चूक नव्हती. उन्हाने दगड झालेलं मैदान, तू वळलास आणि पाय जागच्या जागी राहिला. गिरणीने तो हंगाम सांभाळून घेतलं, नंतर म्हणाले, आता खात्यात उभं राहा. उभं राहायचं म्हणजे खरोखर साच्यापाशी. तू थोडे दिवस उभा राहिलास आणि वळकटी बांधून भोसरीला निघालास. स्टेशनवर मी तुला चिडवत होतो, आता बैलांना हुतूतू शिकव.  गाडी सुटली तेव्हा तू खिडकीतून मैदानाच्या दिशेला बघत होतास, माझ्याकडे नव्हे. त्याचा मला राग आला होता. आज त्या रागाचंही काय करावं कळत नाही.

पुढे पिंपरीला हा कारखाना उभा राहिला. साहेबांनी तुझा खेळ मुंबईत बघितलेला. त्यांनी तुला फाटकावर रखवालदार म्हणून घेतलं आणि सांगितलं, संघ तयार कर. तू भोसरीच्या एका दूधवाल्याबरोबर मला निरोप धाडलास. ‘कोपरा मोकळा हाय, ये.’ एवढाच. मी बायको, ट्रंक आणि कडेवरचं पोर घेऊन पिंपरीला उतरलो. एका अंगाला कारखान्याची नवी पत्र्याची छपरं, दुसऱ्या अंगाला निर्वासितांच्या बराकी आणि मध्ये बाभळी. तू बैलगाडी घेऊन उभा होतास. आमच्या बायकोने चहूकडे बघितलं आणि मला हळूच विचारलं, इथे राहायचं? तू ऐकलंस आणि म्हणालास, वहिनी, दोन वर्सं थांबा, हितं मुंबई आनून दावतो. मुंबई आली नाही, पण आम्ही राहिलो.

तू किती वाईट शिक्षक होतास, हे आता कुणी सांगणार नाही. गेलेल्या माणसाबद्दल सगळे गोडच बोलतात. मी सांगतो. पहिलं वर्षभर तू त्या पोरांना काही म्हणजे काही शिकवू शकला नाहीस. भोसरीची शेतातली पोरं, त्यांतलाच नामा, बीडकडून आलेले दोघे भाऊ, मोटारखात्यातला रमजान, आणि ज्याने जन्मात हुतूतू बघितलं नव्हतं असा छावणीतला एक सिंधी जवान. तू त्यांच्यासमोर लंगडत एक झेप घ्यायचास आणि म्हणायचास, असं. मग विचारायचास, कळलं? कुणालाच कळायचं नाही. मग तू चिडून टॉवेल जमिनीवर आपटायचास. एकदा तळेगावच्या संघाने आपले सगळे गडी बाद करून लोण चढवला, वर आणखी एक चढवला. परत येताना तू ट्रकच्या मागच्या फळीवर एकटा बसला होतास.

त्या रविवारी तू आमच्या खोलीवर आलास. जेवायला बसलास आणि घास हातात धरून म्हणालास, ‘सदा, मला खेळता येतं, सांगता येत न्हाई रं. माज्या अंगात काय हाय त्ये मलाच ठावं न्हाई, पोरांस्नी काय सांगू?’ तुझे डोळे भरले होते. तुला तसं मी त्याआधी बघितलं नव्हतं, गुडघा गेला तेव्हाही नाही.

मी तुला म्हटलं, जे करायचास ते शिकवू नकोस. जेव्हा चढाईला जायचास तेव्हा कशाला भ्यायचास, ते सांग.  हातावरचा भात वाळला. मग म्हणालास, ‘जो सोडत न्हाई त्येला भ्यायचो.’

दुसऱ्या दिवसापासून तू तेच शिकवायला लागलास. ज्याची सगळी कमाई लोकांनी हात सैल सोडण्यावर झाली, तो माणूस हात सोडू नका म्हणून शिकवायला लागला. विहिरीच्या पाण्यात भिजवलेलं वाळूचं पोतं तू त्यांच्या अंगावर लोटायचास आणि ते मिठीत धरून ठेवायला लावायचास. रमजानचे हात तेलकट, त्याच्या पकडीतून पोतं निसटायचं. तू त्याला राखेने हात घासायला लावलेस, कोपरापर्यंत. रोजे असले की त्याला दम घ्यायला लावायचा नाहीस, रेषेवर उभं करायचास आणि सूर्य बुडायच्या आधी घरी धाडायचास. हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. सांगता येत नाही म्हणणाऱ्या माणसाला किती समजत होतं, ते आम्हाला हळूहळू दिसायला लागलं.

आणि मग तुझा तो कायदा. प्रत्येक संध्याकाळी सुरुवातीलाच तू तो म्हणून दाखवायचास. ‘दम गेला का ऱ्हायला, ह्ये तुमी ठरवायचं न्हाई. पंच ठरवंल. शिट्टी वाजली की सोडायचं. तवर मढं पडलं तरी धरायचं.’ शेवटच्या वाक्याला पोरं हसायची, कारण तुझं जुनं नाव मी त्यांना सांगून ठेवलं होतं. कँटीनमध्ये कुणी कुणाची चहाची बशी धरून ठेवली तरी म्हणायचे, शिट्टी वाजेपर्यंत सोडायचं न्हाई. आपल्या संघाची पकड चांगली म्हणून नाव झालं. देहूरोडला, पुण्याला, जिथे गेलो तिथे समोरचे चढाईला येताना बिचकायला लागले. तू रेषेबाहेर उकिडवा बसायचास, गुडघ्यावर टॉवेल टाकून. मी कोपऱ्यातून बघायचो. खेळताना तू कधी इतका सुखी दिसला नव्हतास.

हुतूतूच्या जागी कबड्डी म्हणायचं असा नवा नियम आला तेव्हा काय गहजब केलास. म्हणे, ह्यो काय शब्द हाय, तोंडात मावत न्हाई, दमाला पुरत न्हाई. साहेबांच्या खोलीत जाऊन भांडलास. साहेब म्हणाले, गेनबा, नियम मी केलेला नाही. मग आलास आणि पोरांना महिनाभर कबड्डी घोटायला लावलीस, एखाद्याच्या तोंडून चुकून हुतूतू निघालं तर मैदानाला फेऱ्या मारायला लावायचास. पटत नसलं तरी पोरांना बरोबर तेच शिकवायचं, हा तुझा गुण. तो मला तू असताना बोलून दाखवता आला नाही.

शेवटचे दोन महिने आपलं जमत नव्हतं. कारण सगळ्या कारखान्याला माहीत आहे. तू म्हणत होतास, सदा, तू आता बाहेर बस. कोपरा नाम्याला दे आणि माझ्याबरोबर शिकवायला ये. माझं वय छत्तीस. पायाला काही नाही, हाताला काही नाही. मला ते फार लागलं. आमच्या बायकोने तुझी बाजू घेतली तेव्हा तर मी दोन दिवस तिच्याशीही धड बोललो नाही. तुझं बरोबर होतं की नव्हतं, हा प्रश्नच नव्हता. मला वाटत होतं, ह्याला स्वतःला बसावं लागलं म्हणून हा मला बसवतोय.

आणि त्या बुधवारी मी तेच बोललो, सगळ्यांसमोर. तू नाम्याला कोपऱ्यात उभं राहायला सांगितलंस आणि मला हाताने खुणावलंस, इकडे ये. मी हललो नाही. म्हटलं, गुडघा तुझा गेलाय, माझे दोन्ही शाबूत आहेत. तुझ्यात दम असता तर तू तरी बाहेर बसला असतास का? पोरं हसली. मीही अर्धा थट्टेतच बोललो होतो. अर्धा नव्हतो.

तू हसलास. राग आला असता तर बरं झालं असतं. टोपी काढलीस, सदरा काढून रमजानच्या खांद्यावर टाकलास आणि परत घेऊन रेषेबाहेर ठेवलास, कारण रमजान खेळणार होता. शिट्टी गळ्यातच राहिली. ती काढायचं तुलाही सुचलं नाही, आम्हालाही नाही. रेषेच्या पलीकडे उभा राहिलास आणि मला म्हणालास, ‘धर मला. धरून दावलंस तर खेळ म्हातारा होस्तवर, म्या बोलनार न्हाई.’

म्हणजे बघ, मला तुला धरायलाच हवं होतं.

तू आलास तो हुतूतू म्हणत आलास. कबड्डी नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या, म्हणाले, वस्ताद, मैदानाला फेऱ्या. तुझा गुडघा दुखत होता, तरी तू असा काही फिरलास की बीडचे दोघे भाऊ एकमेकांवर आदळले. मग तू सरळ माझ्या कोपऱ्याकडे आलास. पाय पुढे टाकलास, मला हवा होता तसाच. आता वाटतं, दिलासच. मी घोटा धरला. रमजान कमरेला आला, नामा वरून पडला. तू आम्हा तिघांना ओढत रेषेकडे नेलंस, आणि खाली आलास, आणि हात रेषेच्या दिशेला पसरलेला राहिला. आणि सैल झालास.

इतकी वर्षं मी तुझ्याच बाजूने खेळलो. तुझी ती करामत मी नेहमी बाहेरून बघितलेली, तुला धरायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. माझ्या मनात काय आलं सांगू? आता कळेल, सोंग की दम. मी ओरडलो, ‘सोडू नका.’ मीच ओरडलो, गेनबा. नाम्याचे हात सैल पडत होते, ते त्याने पुन्हा आवळले. रमजान हसत म्हणाला, वस्ताद, उठा की आता, हरलात. मी म्हटलं, गप्प बस, ऐक. सगळे गप्प झाले. आम्ही तुझा दम ऐकत होतो. काही ऐकू येत नव्हतं आणि आम्हाला त्याचं नवल वाटत नव्हतं. तुझा दम पंचालाच ऐकू येतो, हे आम्हाला पाठ होतं. रेषेबाहेरची पोरं हसत होती. कुणीतरी म्हणालं, मढं उठणार बघा. मी घोटा आणखी घट्ट धरला आणि शिट्टीची वाट बघितली.

मग नामा म्हणाला, ‘पंच कोन हाय?’

रोज पंच तूच असायचास. शिट्टी तुझ्याच गळ्यात होती आणि ती तुझ्या छातीखाली होती. हे कळायला आम्हाला किती वेळ लागला ते मला माहीत नाही. थोडाच असेल. मला तो संपत नाही. रमजानने तुला उताणं केलं, तेव्हा तुझ्या छातीवर शिट्टीचा वळ उठला होता.

कारखान्याच्या ट्रकमधून तुला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पापणी वर करून बघितली आणि विचारलं, पडून किती वेळ झाला? आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं.  नंतर मी एकटा आत गेलो आणि विचारलं, लगेच उताणा फिरवला असता, मोकळा केला असता, तर? ते हात धूत होते. म्हणाले, हृदय बंद पडलं, जागच्या जागी. काही फरक पडला नसता. ते भले माणूस आहेत. म्हणूनच मला त्यांचा भरवसा वाटत नाही.

दहाव्याला नदीवर सगळा कारखाना लोटला होता. मी ठरवून आलो होतो. कावळा शिवला नाही की लोक एकेक करून बोलतात, तुमच्या पोरांना सांभाळू, म्हातारीकडे बघू, आणि मग तो येतो. मला माहीत होतं तुझं काय अडलंय. मी पुढे होऊन म्हणणार होतो, गेनबा, मी कोपरा सोडला, उद्यापासून बाहेर बसतो, शिकवतो. आतल्या आत वाक्यही जुळवलं होतं. आणि पिंड ठेवून माणसं मागे सरतात न सरतात तोच कावळा आला आणि घास घेऊन गेला. सगळ्यांनी हात जोडले. म्हणाले, तृप्त होऊन गेला माणूस, कसली इच्छा नव्हती. मला इतका संताप आला. ज्याने मिठाच्या चवीवरून भांडण केलं, शब्दाच्या उच्चारावरून साहेबाशी वाद घातला, त्याचं काहीच राहिलं नव्हतं? माझं बोलणंही तू ऐकून घेतलं नाहीस. मी तिथून न जेवता निघालो.

साहेबांनी विचारलंय, संघ कोण बघणार. मी उत्तर दिलेलं नाही. परवा सहज मैदानाकडे गेलो तर पोरं जमली होती. कुणी बोलावलं नव्हतं. नाम्याने चढाई केली. रमजानने त्याला कमरेला धरलं आणि लगेच सोडून दिलं. मग दुसरा गेला, त्यालाही तसंच. कुणी कुणाला धरेना. रमजान माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, सदाभाऊ, मानूस जरा सैल झाला की माजे हात आपोआप सुटत्यात. आता माज्याच्यानं हुनार न्हाई. त्याला काय सांगू? धर म्हणू? तुझाच कायदा म्हणून दाखवू?

इथपर्यंत चार दिवसांपूर्वी लिहिलं होतं आणि कागद ट्रंकेत टाकला होता. तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे पांगले, आणि आज सकाळी मी भोसरीला गेलो. सायकल दारात लावली तरी आत जायचं धाडस होईना. सरूवहिनी ओसरीवर सूप घेऊन जोंधळे निवडत होत्या. तुझी आई आत निजली होती. वहिनींनी बसा म्हटलं, मी उभाच राहिलो.

म्हटलं, वहिनी, तुम्ही विचारलं होतंत ते सांगायला आलोय. आम्ही लगेच सोडलं नाही. आम्हाला वाटलं तो सोंग करतोय. आम्ही त्याला धरून राहिलो, आणि मी ओरडलो, सोडू नका. मी त्याला टोचून बोललो म्हणून तो खेळायला उतरला होता. हे सगळं एका दमात सांगितलं. पुढे काय होईल याचा विचार करून आलो होतो. त्या सूप फेकून मारतील, भाऊबंदांना हाक मारतील, परत दारात पाऊल टाकू नका म्हणतील. यातलं काहीही झालं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं.

त्यांचा हात जोंधळ्यात थांबला. ‘मंजी तुमी धरून व्हता?’ त्यांनी विचारलं.

हो, म्हणालो.

‘अगदी शेवटापातूर?’

हो, म्हणालो. त्यानंतरही.

त्यांनी मुठीतले जोंधळे सुपात सोडले. मग म्हणाल्या, ‘मला वाटलं व्हतं, तुमी लगीच सोडून बाजूला झाला असाल, आन् ह्ये एकलेच भुईवर पडलं असतील. रोज रातच्याला त्येच दिसतंय मला. मैदानात एकलेच.’ पदराने तोंड पुसलं. मग त्यांनी एकेक विचारलं, कुणी कुठे धरलं होतं. मी सांगितलं, रमजानने कंबर. नामा पाठीवर होता.

‘आन् तुमी?’

घोटा, म्हणालो. उजवा.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि माझ्या हातांकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिल्या. मला ते पाठीमागे घ्यावेसे वाटले, गेनबा, पण मी घेतले नाहीत.